बोर्नव्हिटाच्या डब्यात हळद

सध्या स्वयंपाकघर लावून देणाऱ्यांचं पेव फुटलं आहे. मोबाइल उघडावा तर पांढऱ्याशुभ्र ओट्यासमोर उभी राहून एक बाई तुरीची डाळ पुड्यातून बरणीत ओतत असते. ओतताना डाळीचा जो सळसळ आवाज होतो, तो ऐकून मनाला शांती मिळते असं लाखो लोकांचं मत आहे. आमच्या जिल्ह्यात तुरीचा आवाज ऐकू येतो तो बाजार समितीत. तो तुरीचा नसून शेतकऱ्याचा असतो आणि त्याने कुणालाच शांती मिळत नाही.

ही साथ मोबाइलपुरती राहिली असती तर आम्ही सदर खर्ची घातलं नसतं. पण दिवाळीला पुण्याहून भरभरून येणाऱ्या गाड्यांतून ती धाराशिवात उतरली. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या सूनबाई पुण्याला संगणकाच्या नोकरीत. सुट्टी चार दिवसांची, सामान दोन खोक्यांचं. खोक्यांत एकसारख्या, चौकोनी, हवाबंद, आरपार दिसणाऱ्या बरण्या आणि सोबत लेबलं छापायचं इवलंसं यंत्र.

काकूंच्या फळीवरची व्यवस्था बाहेरच्याला कळावी म्हणून केलेलीच नव्हती. बोर्नव्हिटाच्या डब्यात हळद. डालड्याच्या पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे, त्यावरचं ताडाचं झाड गंजून अर्धं गेलेलं. सेरेलॅकच्या डब्यात मोहरी. ज्या नातवासाठी तो डबा आला होता त्याला आता दाढी आली आहे. हॉर्लिक्सच्या बाटलीत काळा मसाला, श्रीखंडाच्या डब्यांत जिरे, ओवा आणि बडीशेप. कुंथलगिरीच्या पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुईदोरा आणि तुटकी बटणं. येसराला मात्र स्वतःचा पितळी डबा, कारण पाहुणा अचानक आला की आमटीची अब्रू तोच राखतो. एका दुपारात हे सगळं उपसलं गेलं, बरण्यांत शिरलं आणि लेबलं लागली. लेबलं अर्थातच इंग्रजीत.

“आत्या, आता बघा, डोळे झाकून सापडेल सगळं,” सूनबाई म्हणाल्या.

“बाई, डोळे झाकूनच सापडत व्हतं इतके दिवस,” काकू म्हणाल्या. “आता उघडून सापडंना.”

सूनबाईंना आम्ही दोष देत नाही. लेबलावर आमच्या जिल्ह्याचाच इतका विश्वास आहे की त्या बिचाऱ्या कुठे वेगळं वागल्या? 2023 मध्ये केंद्राची मंजुरी येऊन उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलली, पुढे रेल्वे स्थानकाचं नावही बदललं. नाव जुनंच आहे, ते परत आलं याचा आनंद ज्यांना झाला त्यांचा आनंद खरा आहे. आमची शंका डब्याच्या आतल्या मालाबद्दल आहे. नळाला पाणी पूर्वी ज्या दिवशी यायचं त्याच दिवशी येतं. गाडीची पाटी एमएच 25 च राहिली. आणि काळीभोर, काटक, दुष्काळातही तग धरणारी आमची शेळी देशभरच्या पशुवैद्यकांच्या दप्तरी अजून ‘उस्मानाबादी’ म्हणूनच नांदते आहे. तिने हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. बोर्नव्हिटाच्या डब्यातली हळद जशी हळदच राहते, तसं ते आहे.

सरकारलाही लेबलाची महती आमच्या सूनबाईंच्या आधी कळली होती. 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला. 100 रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर किलो-किलो, वर लिटरभर पामतेल. पिशवीवर नेत्यांची छायाचित्रं. भारतीय स्वयंपाकघरात रव्याच्या पुड्यावर आतला माल सोडून, देणाऱ्याचं चित्र असण्याचा हा मान महाराष्ट्राने मिळवला. रवा संपला, पिशव्या टिकाऊ निघाल्या आणि कित्येक घरांत त्यांत कांदे राहायला गेले.

आता मुद्द्याचं. या बरण्यांच्या शास्त्राचा पहिला नियम असा की घरात काय आहे ते सगळं दिसलं पाहिजे. मराठवाड्यातल्या साठवणीचा पहिला नियम नेमका उलटा होता. घरात काय आहे ते कुणालाही दिसता कामा नये. उंदराला नाही, चोराला नाही, निजामाच्या वसुलीवाल्याला नाही, उसनं मागायला येणाऱ्या शेजारणीला नाही आणि घरधन्याला तर नाहीच नाही. जाडजूड भिंतीत बळद असायचं. वरून धान्य ओतायचं, खाली भिंतीला वाटीएवढं भोक, त्याला चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की ज्वारीची धार लागायची. बळदात किती उरलं आहे हे फक्त एका बाईला, भिंतीवर थाप मारून, आवाजावरून कळायचं. पाहुण्याला चार भाकरी वाढायच्या की दोन, हा निर्णय त्या थापेवर होई. ते गुपित हीच तिची सत्ता होती. आता ओट्याशी उभा राहिलेला कुणीही सोम्यागोम्या बघून सांगतो, “साखर संपत आली वाटतं.” सांगतो म्हणजे आणतो, असा गैरसमज नको.

शिवाय तुरीच्या डब्याच्या तळाशी नोटा असत. नोव्हेंबर 2016 मध्ये 500 आणि 1000 च्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या, तेव्हा देशभरच्या डब्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. कित्येक नवऱ्यांना आपण किती वर्षं एका बँकेशेजारी बसून जेवत होतो ते त्या आठवड्यात कळलं. आता काचेच्या बरणीत डाळीखाली नोट ठेवून बघा. पारदर्शक कारभाराच्या घोषणा मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत ऐकत आमची हयात गेली. तो अखेर अवतरला कुठे, तर हुलग्याच्या बरणीत.

‘एअरटाइट’ या शब्दाचं सूनबाईंना मोठं कौतुक. त्याबाबतीत मात्र आमच्या आजोबा-पणजोबांना कुणी शिकवायला नको होतं. मुरमाड जमिनीत गळ्याशी अरुंद आणि पोटाशी रुंद खड्डा घ्यायचा, आतून कडबा लावायचा, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं, की झालं पेव. दोन-तीन वर्षं बघायला नको. आत धान्याच्या आणि किड्यांच्याच श्वासाने प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी दिवा खाली सोडायचा. विझला, तर बाहेर बसून तंबाखू मळायची. घाई करणाऱ्याचं तेच होतं जे किड्यांचं होतं. इतकं कडक हवाबंद भांडं बाजारात अजून आलेलं नाही. आलंच तर सोबत दिवाही द्यावा लागेल.

आणि किड्यांचं म्हणाल, तर सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडं घालते. म्हणजे गव्हाच्या पुड्यातून भाडेकरू आधीच घरात आलेला असतो. मग तुम्ही घराला काच लावा नाहीतर सोनं. दिवसातून चार वेळा उघडली जाणारी बरणी काही पेव नसते. तिचा फायदा एवढाच, की किडे कसे वाढताहेत ते चहा पिता पिता रोज बघता येतं. काकू गव्हाला एरंडेल चोळतात, ज्वारीत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि चार बिब्बे टाकतात, तांदळाला बोरिक पावडर लावतात. मोबाइलवरच्या चित्रात बिब्बे शोभत नाहीत, म्हणून सूनबाईंनी ते वेचून काढले. पंधरवड्याने काकूंनी गुपचूप परत टाकले.

थट्टेची गोष्ट इथे थोडी थांबते. ज्या भिंतींत ती बळदं होती, त्याच दगडमातीच्या भिंती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात माणसांवर कोसळल्या. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून जवळपास 8,000 माणसं गेली. लोहारा आणि उमरगा तालुक्यांत जाड भिंत दिसली की अजूनही जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो. 52 गावं नव्या जागी वसली. घरं जमिनीच्या हिशेबाने मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, त्यावरच्याला 400, सात हेक्टरांपुढे 750. भिंती हलक्या झाल्या, आणि ते बरंच झालं. पण 250 चौरस फुटांत माणसं, चूल, शेळी, वैरण आणि वर्षाची ज्वारी कोणत्या क्रमाने रचायची याचं चित्रफितीतून मार्गदर्शन तेव्हाही कुणी केलं नाही आणि आजही करत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमकडे पूर आला आणि घरातलं धान्य भिजलं, तेव्हाही डबे कोणत्या आकाराचे असावेत ही चर्चा पुढे ढकलावी लागली.

आमच्याकडे साठवणीचा खरा प्रश्न दोनच वस्तूंचा आहे आणि दोन्ही बरणीत मावत नाहीत. पहिली, पाणी. धाराशिवातल्या स्वयंपाकघरात शिरलात तर आधी निळा ड्रम लागेल, मग दुसरा निळा ड्रम, मग घागरी, कळशा, बादल्या, आणि पाणी आलेल्या दिवशी भरलेलं कुकरचं भांडंसुद्धा. उरलेल्या जागेत स्वयंपाक होतो. या ड्रमांना लेबल लावायचं ठरलं तर ‘उघडल्यापासून आठ दिवसांत वापरा’ एवढं पुरे.

दुसरी वस्तू, सोयाबीन. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या घरात गेलं आणि आमच्या शेतकऱ्याला ते स्वप्न पडलं ते पडलंच. पुढच्या हंगामांत त्याने कट्टे विकले नाहीत, बैठकीत रचले. भाव येईल. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि बाजारात 4,000 ला पोहोचताना धाप लागत होती. कट्टे तिथेच. त्यांवर सतरंजी टाकली की दिवाण होतो, पाहुणा बसतो, पोरं अभ्यास करतात. एका घरी तर मुलगी बघायचा कार्यक्रम सोयाबीनवर बसूनच पार पडला. नवऱ्यामुलाच्या बापाने बसल्या बसल्या कट्टे मोजले. आम्ही पुण्याच्या सूनबाईंना विचारलं, याला काही उपाय? त्या म्हणाल्या, “उभी जागा वापरा.” कट्टे छतापर्यंत आधीच गेले होते.

रेशनच्या डब्याचं तर सरकारने आपणच सोपं करून टाकलं. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत, म्हणजे आमच्याकडेही, केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी 5 किलो धान्य मिळत असे. 2 रुपयांनी गहू, 3 रुपयांनी तांदूळ. 2023 मध्ये ठरलं की धान्याऐवजी खात्यावर माणशी महिना 150 रुपये. पुढे त्याचे 170 झाले. स्वयंपाकघर आटोपशीर ठेवण्याचा याहून प्रभावी मार्ग कोणत्याही चित्रफितीत नाही. डबा नको, फळी नको, किडे नाहीत, लेबल नाही. धान्यच नाही म्हटल्यावर पसारा कशाचा?

जुन्या लोकांना 1972 चा दुष्काळ आठवतो. मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. ज्यांनी ते खाल्लं त्या बायका आजही शिळ्या भाकरीचा तुकडा टाकत नाहीत, डब्याचं झाकण टाकत नाहीत आणि कॅरीबॅग धुऊन वाळत घालतात. तेवढ्यावरून त्यांना पसारा घालणाऱ्या म्हणणं सोपं आहे. चार दिवसांचा किराणा खाली कोपऱ्यावर मिळतो हे गृहीत धरून ज्यांचं स्वयंपाकघर आखलं जातं, त्यांच्या बरणीत पाव किलो हुलगे शोभून दिसतात. पाऊस येईल की नाही हे ज्यांना माहीत नसतं त्यांची फळी वाकलेलीच असते.

भांड्याची पारख हा तर आमच्या जिल्ह्याचा वारसा. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं मारून संतमंडळींत कोणतं मडकं कच्चं ते सांगितल्याची कथा घरोघरी माहीत आहे, आणि त्या तपासणीत नामदेवांनाही सूट मिळाली नव्हती. त्याच मुलखात आज आम्ही डबा उलटा करून तळाशी काय छापलंय ते चष्मा लावून वाचतो.

एक नुकसान मात्र कुणी मोजत नाही. आमच्याकडे शेजारी डबा जातो तो लोणचं, कुरडया, कारळाची चटणी घेऊन. आणि परत येताना रिकामा येत नाही, त्यात चिमूटभर साखर तरी असते. बोर्नव्हिटाचा डबा बिनदिक्कत देता येत होता. एकसारख्या बारा बरण्यांमधली एक कशी द्यायची? सेट मोडतो! त्यामुळे काकूंकडून या दिवाळीला आम्हाला चकल्या आल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळून. पाहतो तर आमचंच सदर.

म्हणून एक जाहीर विनंती. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरून सांडग्यांचा स्टीलचा डबा नेलेल्या वाचकांनी तो परत करावा. झाकणावर आमच्या आईचं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे वाद घालू नये. या खेपेला रिकामा दिलात तरी चालेल.