चार्टपेपरवरचा हॅकर

चाकणच्या पलीकडच्या एका कॉलेजात परवा परीक्षक म्हणून जावं लागलं. विषय, 'सायबर गुन्हे आणि कायदा'. उपक्रम, पोस्टर स्पर्धा. वेळ दहाची. तळेगाव चौकातल्या कोंडीतून सुटून मी सव्वाअकराला पोहोचलो, तर प्रमुख पाहुणे अजून चौकातच होते.

बावीस पोस्टरं. त्यातल्या अठरांवर काळी हुडी घातलेला, तोंड नसलेला हॅकर. मागे हिरव्या आकड्यांचा पाऊस. एकाने कुलूप चमकी लावून केलेलं, फेव्हिकॉल अजून ओला.

असा हॅकर कुणी पाहिलाय? खरा भामटा तुम्हाला 'सर' म्हणतो आणि 'बिल भरलं नाही, रात्री साडेनऊला लाइट कट होईल' असं अदबीनं कळवतो. हुडी घालायची त्याला गरज काय? तो दिसतच नाही.

मग शपथ. 'मी माझा ओटीपी कुणालाही सांगणार नाही.' दीडशे पोरांनी हात पुढे करून म्हटली. लगेच पडद्यावर ई-प्रमाणपत्राचा क्यूआर कोड आला. नाव टाका, मोबाइल टाका, जन्मतारीख टाका. आता आलेला ओटीपी टाका.

सगळ्यांनी टाकला. मीही.

दर महिन्याचा पहिला बुधवार हा सायबर जागरूकता दिवस आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं? नव्हतंच. भामट्यांना मात्र आठवड्याचे सातही वार पाठ आहेत.

कायदा कुणी शिकवतच नाही, असंही नाही. अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात सायबर कायद्याचं प्रकरण आहे. पण या विषयाचा बाजच रिकाम्या जागा भरा, जोड्या जुळवा, चूक की बरोबर. कायदा २००० साली आला हे पोराला येतं. काल रात्री आपण जे केलं ते त्यात बसतं का, याची रिकामी जागा पुस्तकात नाही.

कलम ६६ सी घ्या. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. आता वर्गात एवढंच विचारा: मित्राचा फोन उघडा सापडला, त्यावरून त्याच्या मामाला 'दोन हजार पाठव' असा मेसेज टाकला. गंमत की गुन्हा? आणि पैसे न मागता वर्गातल्या एकीला नुसतं बदाम पाठवलं तर? एक सरकारी वकील, एक आरोपीचा वकील, मागच्या बाकावरचा न्यायाधीश. (त्याला आरोपीची बाजू अनुभवानं ठाऊक असते.) तासभर वर्ग पेटेल. चार्टपेपरसुद्धा लागणार नाही.

म्हणूनच होत नसावं. बिल कशाचं लावणार?

मेलेली कलमंही शिकवा. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी कलम ६६ ए लावून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं लाइक केलं होतं. श्रेया सिंघल नावाची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला कलम ६६ ए रद्द झालं. २०२१मध्ये न्यायालयापुढे आलं की पोलीस त्याच कलमाखाली अजून गुन्हे नोंदवताहेत. म्हणजे एक वर्ग पोलीस ठाण्यातही घ्यायला हवा.

जाता जाता, 'चारसोबीस'चं कलम १ जुलै २०२४पासून ३१८ झालंय. शिवी अजून जुन्याच कायद्यानं चालते.

आता आपल्या घरचा धडा. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेला चौऱ्याण्णव कोटींहून जास्त रकमेला चुना लागला. त्यातले बहुतेक पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. २०२३मध्ये पुण्याच्या कोर्टानं अकरा जणांना दोषी ठरवलं. कोणाला? मुख्यतः बनावट कार्डं घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेल्यांना आणि त्यांची जुळवाजुळव करणाऱ्यांना. सर्व्हर फोडणारा हुडीवाला कुठाय?

पोस्टरवर.

आमच्या पट्ट्यात असे 'उभे राहणारे' तयार होतात खोल्यांमध्ये. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी. एका खोलीत सहा पोरं, लातूर-नांदेड-यवतमाळची. कंत्राटी नोकरी, नवं सॅलरी अकाउंट, कोरं एटीएम कार्ड. चहाच्या टपरीवर एक 'दादा' भेटतो. 'महिनाभर खातं वापरायला दे, सिमसकट. पाच हजार घे.' पोराचा हिशेब सरळ असतो: खात्यात दीडशे रुपये आहेत, आपलं जाणार काय?

मग कुठल्या तरी राज्यातल्या निवृत्त मास्तरांची आयुष्याची पुंजी त्या खात्यातून दहा मिनिटांत पुढे सरकते. पोलिसांना सापडतो तो पत्ता आधारवरचा, म्हणजे गावचा. नोटीस घेऊन हवालदार जातो बापाच्या दारात. बाप तूर काढत असतो. 'पोरगं कंपनीत आहे, साहेब,' एवढंच त्याला सांगता येतं.

या पोराला ओटीपीची शपथ देऊन काय होणार? त्याच्याकडून ओटीपी कुणी चोरलाच नव्हता. त्यानं तो विकला.

चाकणच्या कुठल्या कारखान्यात नव्या पोराला प्रेसवर उभं करण्याआधी 'अपघात' या विषयावर चित्र काढायला लावतात? तिथं मॉक ड्रिल होतो. भोंगा वाजतो, सगळे असेंब्ली पॉइंटला पळतात, डोकी मोजली जातात. तसाच एक ड्रिल वर्गात करा. यूपीआय व्यवहाराची पावती हातात द्या. 'पैसे गेले, बारा आकडी यूटीआर नंबर शोध आणि तक्रार तोंडी सांग. किती, कधी, कुठल्या खात्यातून.' घड्याळ लावा. पैसा खात्याखात्यांतून पळत असतो, तक्रार लवकर गेली तरच तो वाटेत अडण्याची आशा.

आम्ही तिघा परीक्षकांनी आपापल्या फोनवर करून पाहिलं. मला चार मिनिटं लागली, त्यातली दोन चष्मा शोधण्यात. प्राचार्यांना नंबर सापडलाच नाही.

'पुढच्या वेळी निबंध ठेवू, तीनशे शब्दांचा,' ते म्हणाले. मी दचकलो. कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर आमच्या जिल्ह्यात तीनशे शब्दांचा निबंध म्हटलं की जामिनाची अटच आठवते.

पहिलं बक्षीस चमकीच्या कुलपाला दिलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. पोस्टरखाली ठळक लाल अक्षरांत हेल्पलाइन होती: १५५२६०. तो नंबर बदलून १९३० झालाय, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. खुर्च्या उचलता उचलता शिपाईमामांनी दाखवलं.

त्यांचे दिवाळीत सोळा हजार गेले होते.