अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा

उज्जैनमध्ये डोंगर नाही. सगळ्यात मोठा चढ म्हणजे फ्रीगंजचा ओव्हरब्रिज. तरीही आमच्या घरात एक माउंटन बाइक आहे. भाचा इंदूरला नोकरीला लागला, त्याने मोटारसायकल घेतली आणि दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बरवाली आपली जुनी सायकल 'मामा, तुमची तब्येत सुधारेल' असं म्हणून अंगणात लावून गेला. तब्येत सायकलचीच बिघडली. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो अ‍ॅल्युमिनियमचा भाग असतो (इथले मिस्त्री त्यालाही चिमटाच म्हणतात), त्याला बोल्टच्या भोकापासून केसाएवढी चीर गेली. नुसता रंग तडकला असेल, म्हणून नखाने खरवडून पाहिलं. नख अडकलं.

लोखंडी फ्रेम असती तर गल्लीतल्या वेल्डरने चहा पिता पिता काम उरकलं असतं. लोखंड दिलदार असतं. ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के कितीही द्या, ते मनावर घेत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. ते प्रत्येक खड्डा लक्षात ठेवतं, आमच्या ग्वाल्हेरच्या आत्यासारखं. लग्नात आपल्याला पहिल्या पंगतीला बसवलं नाही, हे आत्या तेव्हा बोलत नाही. वर्षानुवर्षं साठवते आणि मग कुणाच्या तरी किरकोळ मुंजीत फुटते.

चिमटा सोडवून पिशवीत घातला, पण दोन्ही टोकं बाहेरच राहिली. या गावात लखलखता चिमटा घेऊन फिरणाऱ्याकडे लोक भलत्याच आदराने बघतात. ई-रिक्षावाल्याने पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून विचारलं, "बाबाजी का है क्या? सिंहस्थ तो 2028 में है!" मी सायकलचा आहे म्हटल्यावर त्याचा आदर संपला आणि भाडं वाढलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सायकलवाला म्हणाला, नवीन घ्या. खिडक्या-दरवाजे करणारा म्हणाला, पट्टी लावून रिव्हेट ठोकतो. शेजारच्या निवृत्त काकांनी एम-सील सुचवलं, पण ते गुडघेदुखीवरही बहुधा तेच सुचवतील. एका लोखंडाच्या वेल्डरने मात्र खरं ते सांगितलं, "भिया, ये बिना बताए बह जाता है." अगदी बरोबर. लोखंड आधी लालबुंद होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम लाल होतच नाही, 660 अंशांना थेट वितळतं. त्यात त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो, तो दोन हजार अंश ओलांडले तरी ढिम्म. म्हणजे आतला माल पाणी झाला तरी वरून सगळं आलबेल.

"आर्गनवाले के पास जाओ," असं सगळ्यांचं शेवटी एकमत झालं. आर्गनवाला म्हणजे आर्गन वायूच्या आडोशाने अ‍ॅल्युमिनियम वेल्ड करणारा. तो मक्सी रोडवर, आणि त्याचं पालुपद 'परसों आना'. इथे चिडून उपयोग नाही. 1235 साली इल्तुतमिशच्या स्वारीत पडलेलं महाकालाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकरांच्या हातून, अठराव्या शतकात. ज्या गावाने दुरुस्तीसाठी जवळजवळ पाचशे वर्षं धीर धरला, त्याला एखादा परवा काय जाचणार?

मोटारसायकलींची फुटलेली इंजिनं बाजूला सारून अखेर त्याने चिमटा हातात घेतला. रंग कानशीने उतरवला. चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाशी बारीक भोक पाडलं. मग ती खोल कोरून थिनरने पुसली आणि एका वेगळ्या ब्रशने घासली. तो ब्रश लोखंडाला कधीच लावत नाहीत. मी कौतुकाने उचलला, तर माझ्या हातातून काढून घेतला. वेल्डिंगची जादा काच डोळ्यांसमोर धरून मी वाकलो. एसी करंटचा एक फेरा वरचा थर फोडतो, दुसरा धातू वितळवतो आणि आर्गन हवेला जवळ फिरकू देत नाही. राखाडी धातू एकदम चकाकला, त्याने काडी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. लगेच खवल्याखवल्यांची रेघ तयार झाली.

आता खरी गोम. फ्रेमसाठी 6061 नावाचं मिश्रण सर्रास वापरतात. ते भट्टीत कडक केलेलं असतं आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याशेजारची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ती परत आणायची तर साधारण 530 अंशांना तापवून पाण्यात बुडवायचं आणि मग 175 अंशांच्या आसपास आठ तास ठेवायचं. 530 घरी जमणारे नव्हते. 175 हे मात्र नानकटाईचं तापमान आहे, हे मी बायकोला केवळ माहिती म्हणून सांगितलं. "अहो, त्याला ऑइलचा वास मारतोय," एवढं म्हणून तिने ओव्हनची पिन काढून ठेवली.

मग आर्गनवाल्यानेच आतल्या बाजूने एक पट्टी जोडून दिली. मी गॅरंटी विचारली.

"पक्की है, भिया. बस, बच्चों को मत देना."

"और मैं?"

"आप चलाओ ना. आप तो समझदार हो, संभल के गिरोगे."