पणजोबांना कागदोपत्री स्वर्गवासी कसे करावे

पणजोबा वारले, याबद्दल घरात दुमत नसते. त्यांचा फोटो हारासकट भिंतीवर असतो. पितृपंधरवड्यात त्यांच्या नावाने पान वाढले जाते, आणि कावळा फिरकला नाही तर ‘अण्णांना अळूवडी लागायची’ म्हणून कुणीतरी ती आणायला धावतो. सातबाऱ्यावर मात्र अण्णा खणखणीत जिवंत असतात. त्यांच्या नावावर बांध असतो, विहिरीत चार आणे हिस्सा असतो, आणि महसूल खात्याच्या लेखी सव्वाशे वर्षांचा हा गृहस्थ अजून जिरायत कसतो आहे. वाटणी असो की जातपडताळणी, कधी ना कधी घराला अण्णांच्या मृत्यूची नोंद काढावी लागते. प्रस्तुत मार्गदर्शन अशा घरांसाठी.

सर्वप्रथम मृत्यूचे साल निश्चित करावे. निम्मी घराणी येथेच गारद होतात. घराला तिथी तोंडपाठ असते, साल कुणालाच ठाऊक नसते. वर्षश्राद्ध नेमाने करणाऱ्या घरात निदान महिना आणि पक्ष तरी कळतो. नुसत्या महालयावर भागवणाऱ्यांच्या हाती ‘अष्टमी’ एवढेच लागते, आणि ती महिन्यातून दोनदा येते. कारकुनाला अष्टमी सांगू नये. त्याला इसवी सन लागतो.

सालासाठी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला गाठावे. पुरुषांना विचारू नये. ते ‘असेल साठ-पासष्टचं’ असे ठणकावून सांगतात आणि कारकून तेवढीच दोन सालं बघून वही मिटतो. आत्यालाही सरळ विचारू नये. ‘आत्या, अण्णा कधी गेले गं?’ याचे उत्तर ‘झाली की बक्कळ वर्षं’ असेच येणार. प्रश्न असा टाकावा: ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अण्णा होते का?’

‘होते म्हणजे? पहाटेचं सगळे अंगणात पळाले, हे आपले वाकळंत. म्हणाले, पडू दे घर, मला थंडी वाजतीय.’

‘आणि दुष्काळात?’

‘छे रे. मी खडी फोडायला जायला लागले तवा त्यांचं वर्सुद होऊन गेलं होतं.’

झाले. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, दुष्काळ १९७२ चा. मधली चार-पाच वर्षे उरली, तेवढी कारकून कपाळाला आठ्या घालून का होईना, बघतो. पुण्याकडच्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर वापरावा. त्याही मागे जायचे असेल तर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि १८९६ पासूनचा प्लेग हे मैलाचे दगड आहेत, मात्र तोवर आत्या शिल्लक नसते.

यानंतर अण्णा कुठे वारले ते विचारावे. घर कुठे होते ते नव्हे. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, मग माणूस साऱ्या जन्मात त्या गावी एकदाच गेला असेना. गावात गेले असतील तर गावच्या दप्तरात, पुण्यात इस्पितळात गेले असतील तर महापालिकेकडे. हल्लीच्या नियमांत वाहनात वारणाऱ्यांचीही सोय आहे: वाहन ज्याच्या ताब्यात, त्याने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यायची. तेव्हा कुणी एसटीत गेले असेल तर घाटाच्या अलीकडे गेले की पलीकडे, हे आत्याला जरूर विचारावे.

गाव कळले, तरी ते त्या काळी कुठे होते ते बघावे. गाव जागचे हलत नाही, तालुके-जिल्हे हलतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. भोर, औंध, फलटण, सावंतवाडी ही तर स्वातंत्र्यापर्यंत संस्थाने होती. मराठवाड्यात निजामाचे राज्य, म्हणून जुने दप्तर उर्दूत आणि साल फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. नुसता आकडा वाचून पणजोबा शाहिस्तेखानाच्या आधी वारले असा निष्कर्ष काढू नये.

आता मुख्य वस्तू. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याअन्वये गावात नोंद ग्रामसेवकाकडे होते. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला सगळा तालुका ‘कोतवाल बुक’ म्हणतो. या वह्या साधारणपणे तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. ‘साधारणपणे’ हा शब्द अर्जदाराने घोटून घ्यावा. ग्रामसेवक म्हणतो तहसीलला आहे, तहसील म्हणते पंचायत समितीला दिले, पंचायत समिती म्हणते ग्रामपंचायतीत बघा. ही प्रदक्षिणा टाळता येत नाही. मात्र जिथे ‘आमच्याकडे नाही’ असे सांगतील तिथे ‘तेवढं लेखी द्या’ म्हणावे. दहातल्या चार वेळा वही तिथेच सापडते.

अर्ज साध्या कागदावर करावा, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवावा, विषय एका ओळीत लिहावा: ‘मौजे अमुक येथील सन १९६७ ते १९७२ चे मृत्यू नोंदवहीतील उताऱ्याची नक्कल मिळणेबाबत.’ ‘बाबत’ने न संपणारा विषय आवक-जावकमध्ये स्वीकारला जातो की नाही, याचा प्रयोग अद्याप कुणी केलेला नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घ्यावा. माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी काढू नये. दहा रुपयांत तीस दिवसांची मुदत मिळते खरी, पण ती त्यांना मिळते. कारकुनाला ‘भाऊसाहेब’ म्हणावे आणि शिपायाला ‘मामा’. मामांकडे विशेष लक्ष असू द्यावे, कारण गठ्ठा कुठल्या मांडणीवर आहे ते भाऊसाहेबांना कागदावरून कळते आणि मामांना प्रत्यक्ष. निवडणूक, मार्चअखेर आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे तीन काळ वर्ज्य.

गठ्ठा सुटला की तोंडाला रुमाल बांधावा. आत काय असते ते आधी सांगून ठेवतो, म्हणजे धीर सुटणार नाही. पाने कडेने कुरतडलेली, शाई तपकिरी झालेली, आणि जुन्या वह्यांत मोडी. मोडी वाचणारा माणूस आधीच हेरून ठेवावा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि या मंडळींना पूर्वी कधी नव्हता एवढा भाव आला. त्याच कामात बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी पाने स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत, ती घरबसल्या आधी चाळावीत. धूळ वाचते.

वहीत आडनाव शोधू नये, बहुधा नसते. ‘तुका बिन राघू’ म्हणजे राघूचा मुलगा तुका, ‘सखू कोम तुका’ म्हणजे तुकाची बायको सखू. ज्यांना घरात तुकारामअण्णा म्हणून हार घातला जातो, ते कोतवालाच्या लेखी तुका असतात. तो त्यांना लहानपणापासून ओळखत होता, त्याला काय त्याचे. मृत्यूचे कारण हा रकाना वाचण्यासारखा असतो. पटकी, देवी, प्लेग, हगवण ही ठरीव नावे. बाकी पानभर ‘ताप’. ज्याचे निदान झाले नाही तो तापाने मेला. इन्फ्लुएंझाने १९१८ मध्ये माणसे पटापट गेली, त्यांतलीही बहुतेक वह्यांत तापाखालीच जमा आहेत. एका ओळीत तापाने गेलेला बाप आणि पुढच्याच चार ओळींत त्याच घरातली, त्याच आठवड्यातली चार नावे दिसली, तर नक्कल मागताना ती पानेही मागून घ्यावीत. कामाची नसतात, पण घरात कुणाला माहीत नसतात.

नोंद सापडली नाही, तर नोंद सापडत नसल्याचा दाखला मागावा. यास अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात, आणि ते मिळवण्यास नोंद सापडण्याइतकाच वेळ लागतो. त्याच्या आधाराने उशिराच्या नोंदीचा अर्ज करता येतो. एक वर्षाहून जुन्या मृत्यूला पूर्वी न्यायालयाचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. साक्षीदार लागतात. अण्णांना जाताना पाहिलेले साक्षीदार अण्णांच्या मागोमाग गेलेले असतात, म्हणून आत्याची प्रकृती सांभाळावी.

सापडली, तर लगेच पेढे वाटू नयेत. वहीत तुका, सातबाऱ्यावर तुकाराम, शाळेच्या दाखल्यावर तुळशीराम. ही तिन्ही माणसे एकच होती असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. हे खिडकीवर सांगून पाहावे आणि मग गुपचूप स्टॅम्प पेपर घेऊन यावे.

नक्कल हाती आली की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा. ते फेरफार धरतात, संबंधितांना नोटिसा काढतात, आणि अण्णांच्या जाण्याला कुणाची हरकत आहे काय, यासाठी पंधरा दिवस वाट पाहतात. हरकत येते. मुंबईहून, नाहीतर सुरतेहून, ज्याचे नाव कुणी ऐकले नव्हते असा चुलत चुलता उगवतो. अण्णा गेले याबद्दल त्याला काही म्हणायचे नसते, वारसांच्या यादीत आपण कसे नाही एवढेच विचारायचे असते. ते प्रकरण मग मंडळ अधिकाऱ्यांपुढे चालते. त्याचे मार्गदर्शन या लेखाच्या कक्षेबाहेर आहे. ते करणारा गृहस्थ तहसीलसमोरच्या लिंबाखाली टायपिंगचे मशीन घेऊन बसतो, आणि दुपारी दोन ते तीन जेवायला जातो.