नळी हलवू नका

तीन दिवसांची कार्यशाळा आटोपून यवतमाळला परतलो तेव्हा पिशवीत एक प्रमाणपत्र होतं, एक स्टीलची बाटली होती आणि डोक्यात शिकाऊ डॉक्टरांना फीडबॅक कसा द्यावा याचं ताजं ज्ञान. त्याआधी वीस वर्षं माझा फीडबॅक एका वाक्याचा होता: "तुला पास कोणी केलं रे?" आमच्या सरांनी आम्हाला तेच विचारलं होतं.

पण २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि लॉगबुकात फीडबॅकचा रकानाच आला. तिथं माझं वाक्य लिहिता येईना.

कार्यशाळेत कळलं, की जॅक एंड यांनी १९८३ सालीच सांगून ठेवलंय: बोलायचं ते पोराच्या लायकीवर नाही, त्यानं केलेल्या कामावर, आणि वेळच्या वेळी. पेंडलटन आणि मंडळी १९८४ साली म्हणाली, की काय बरं जमलं हे आधी त्यालाच विचारा. मी उचललं ते मात्र सँडविच. वर कौतुक, खाली कौतुक, मधे चूक. सोपं होतं, म्हणून.

पहिलं सँडविच आमच्या इंटर्नच्या वाट्याला आलं. दिवस पावसाळ्याचे. पऱ्हाटीत निंदताना पायाला काहीतरी चावलं म्हणून एका पोराला आणलं होतं. आमच्याकडे परड म्हणतात ती घोणस चावली असेल, तर रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं जागचं हलवायचं नाही, मग एकदाच तिरपं करून पाहायचं. पातळच राहिलं तर सर्पविषावरची लस चालू. आमचा इंटर्न दर तीन मिनिटांनी नळी उजेडात धरून तिरपी करत होता, चहा झाला का पाहावं तशी.

मी त्याला बाजूला घेतलं. "पेशंटशी तू फार छान बोलतोस. नळी जरा कमी हलवली असतीस तर बरं झालं असतं. एकूण हात चांगला आहे तुझा."

संध्याकाळी मेसमध्ये त्यानं सगळ्यांना सांगितलं, सर म्हणाले हात चांगला आहे. दोन दिवसांनी दुसरा पेशंट आला आणि नळी पुन्हा उजेडात गेली. पोरानं दोन्ही पाव खाल्ले होते, मधलं ताटातच ठेवलं होतं.

मग मी सँडविच सोडलं. जागच्या जागी, कामावर, स्पष्ट. त्याच्या हातातली नळी काढून घेतली आणि चौघा इंटर्नना खाटेभोवती उभं केलं. हलवलं की गोठण्यात व्यत्यय येतो, रक्त पातळ दिसतं, गरज नसताना लस जाते, लसीची रिअॅक्शन येऊ शकते. विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे हातवारेही भरपूर झाले. सात-आठ मिनिटं तरी बोललो असेन.

पेशंटची आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती म्हणाली, "अवो डॉक्टरसाहेब, तुमीच तं हालवून रायले नं जी. पोराले हालवू नोको म्हणता, अन् सोता खुळखुळ्यावानी वाजवता."

नळी माझ्याच मुठीत होती. आतलं रक्त वरखाली होऊन काचेला लागलं होतं. चौघं इंटर्न गंभीरपणे सलाइनच्या बाटलीकडे पाहू लागले.

पेशंटचं आणखी दोन मिली रक्त गेलं. नळी बदलताना इंटर्न हळूच म्हणाला, "सर, समजावून फार छान सांगता तुम्ही." आणि थांबला. मी पुढच्या 'पण'ची वाट पाहत उभा राहिलो. लेकाचा पोरगा सभ्य निघाला, 'पण' आलाच नाही.

दुसरी नळी टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी केली. आईनं स्टूल ओढून तिच्याशेजारी बसकण मारली, आणि वीस मिनिटं मला त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही.