सरोजिनीत कसे बघावे

इंग्रजी-मराठी कोश उघडावा तर ‘सी’पुढे बघणे, ‘लुक’पुढे बघणे आणि ‘वॉच’पुढेही बघणेच. कोशकाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुडता घ्यायचा नव्हता. ज्यांना तो घ्यायचा आहे आणि जमल्यास इंग्रजीही सुधारायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. करोल बाग आणि राजेंद्र नगरात खोली घेऊन लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींनी ते विशेष लक्षपूर्वक वाचावे. मुख्य परीक्षेचे बाकीचे पेपर मराठीत लिहिता येतात, पण इंग्रजीचा 300 गुणांचा पात्रता पेपर कोणाला चुकलेला नाही आणि त्यात 25 टक्के मिळवावेच लागतात. त्यासाठी शिकवणी लावण्यापेक्षा सरोजिनी नगरचा बाजार स्वस्त पडतो. निदान घरी येताना हातात काहीतरी असते.

साहित्य: मेट्रोचे कार्ड, कापडी पिशवी, पाय तुडवले गेले तरी चालतील असे बूट आणि सुटे पैसे. राजीव चौकातून पिवळ्या मार्गाने आयएनएपर्यंत जावे. तिथे गुलाबी मार्गावर बदलले की पुढचेच स्थानक सरोजिनी नगर. हे स्थानक 2018 साली सुरू झाले. त्यापूर्वी लोक रिंग रोडवरून बसने लोंबकळत येत आणि तेवढ्याच पिशव्या घेऊन परत जात.

स्थानकाबाहेर आलात की जे घडते ते ‘सी’. इथे तुम्ही काहीही करत नाही. डोळे उघडे आहेत म्हणून कुडते, कानातली, मोबाइलची कव्हरे, छोले-कुलचे आणि माणसे दिसतात. म्हणजेच ‘सी’ हे मराठीतले दिसणे आहे, बघणे नव्हे. एवढे पक्के केले तर निम्मा धडा झाला. दिसण्यावर आपला ताबा नसतो, म्हणून इंग्रज हे क्रियापद सहसा चालू काळात वापरत नाही. आपण मात्र बिनधास्त ‘आय ॲम सीइंग’ म्हणून मोकळे होतो. सावधान! ‘आय ॲम सीइंग अ शॉपकीपर’ याचा अर्थ त्या दुकानदाराशी तुमचे काहीतरी जुळले आहे असा होतो. घरी फोनवर असे सांगण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता चालू लागा. मान न वळवता, पायांचा वेग न मोडता बाजूच्या हँगरवर नजर टाकणे म्हणजे ‘ग्लान्स’. त्या नजरेच्या पदरात ओझरते जे पडले ते ‘ग्लिम्प्स’. पहिली आपली कृती, दुसरी तिची कमाई. नवशिक्याने पहिली फेरी फक्त ग्लान्सवर काढावी. हे वाटते तितके सोपे नाही, कारण समोरच्याची नजर तुमच्यापेक्षा तयार असते. बुबुळ कुठे अडकले ते त्याला तुमच्या आधी कळते.

बुबुळाबरोबर मान वळली की ‘लुक’ झाले. इथून व्यवहार सुरू होतो. ‘देख लो मॅडम, देखने के पैसे नहीं लगते’ असे तो म्हणेल. हे वाक्य ‘सी’ला लागू आहे, ‘लुक’ला नाही. लुकचे पैसे लागतात, फक्त ते नंतर किमतीत मिळवले जातात. नजर जितकी रेंगाळेल तितका भाव चढेल. टक लावलीत तर ती ‘स्टेअर’ होते आणि भाव तिथेच वर जातो. त्याही पुढची पायरी ‘गेझ’. यात डोळ्यांत जरा पाणी तरळते, कारण मनातल्या मनात तो ड्रेस घालून तुम्ही मावसबहिणीच्या लग्नात पोहोचलेल्या असता. या अवस्थेत घासाघीस करता येत नाही. सोबत आलेल्या मैत्रिणीने अशा वेळी दंड धरून पुढच्या गल्लीत न्यावे. एकट्याने जाऊ नये, असे म्हणतात ते यासाठीच.

ढिगाऱ्याचे शास्त्र वेगळे. चौथऱ्यावर कपड्यांचा डोंगर, वर स्टुलावर उभा मुलगा आणि त्याचे एकच पालुपद: ‘कोई भी उठाओ, एक ही रेट!’ इथे ‘ब्राउझ’ करायचे असते. मूळ इंग्रजीत हे क्रियापद जनावरांचे आहे. झाडाझुडपांचे कोवळे शेंडे खुडत, एक तोंड इथे, एक तोंड तिथे मारत हिंडणे म्हणजे ब्राउझ. पुस्तके चाळणे, दुकान धुंडाळणे आणि इंटरनेटवर भटकणे हे सगळे मागाहून आले. सरोजिनीच्या ढिगाऱ्याशी मात्र मूळ अर्थच शाबूत आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालावेत, मिळेल ते ओढून काढावे, पसंत नसेल तर उधळून द्यावे. कोणी रागावत नाही. फक्त जिचे दुसरे टोक दुसऱ्या बाईच्या हातात आहे अशी बाही ओढू नये.

यानंतरचा भाग महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाचावा. ‘लुक ओव्हर’ म्हणजे वस्तू नीट तपासून बघणे. ‘ओव्हरलुक’ म्हणजे बघायचे राहून जाणे. शब्द तेच दोन, नुसती जागांची अदलाबदल, आणि कपाटात कायमचा पडून राहणारा टॉप. या बाजारातला पुष्कळ माल निर्यातीतून उरलेला किंवा नापास झालेला असतो. मानेमागचे लेबल कात्रीने अर्धे कापलेले दिसते ते त्यामुळेच. आता, माल नापास झाला तर त्याला काही कारण असणारच. ते शोधणे हीच लुक ओव्हरची परीक्षा. कपडा उलटा करा. काखेतली शिवण बोटांनी ताणून बघा. चेन दोनदा वरखाली करा. एकदा केली की ती नेहमीच नीट चालते, नखरा दुसऱ्यांदा कळतो. बटणे काज्यांशी ताडून बघा. मग कपडा दुकानातल्या दिव्याखालून बाहेर उन्हात आणा. दिव्याखाली जी नक्षी वाटली, ती उन्हात डाग निघू शकते. घालून बघायला खोली बहुतेक ठिकाणी नसते. त्यामुळे जीनची कंबर गळ्याभोवती गुंडाळून दोन टोके मानेमागे भेटतात का बघण्याची पद्धत आहे. शरीरशास्त्राला ती मान्य आहे की नाही कोण जाणे, पण माझा तिच्यावर विश्वास आहे. घेतलेला माल सहसा परत होत नाही. म्हणून घरी गेल्यावर भोक सापडले तर ‘आय ओव्हरलुक्ड इट’ हे वाक्य वहीत लिहावे आणि व्याकरण तरी बरोबर आले याचे समाधान मानावे.

बाजाराला लागून सरकारी वसाहत आहे. पूर्वी हे सगळे विनय नगर होते, सरोजिनी नायडूंचे नाव नंतर आले. जुनी बैठी क्वार्टर्स पाडून आता तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी दिल्लीतल्या अशाच वसाहतींमध्ये आयुष्य काढले, आणि बघण्याचा आणखी एक इंग्रजी प्रकार त्यांच्याकडूनच शिकावा. फाइलीवर ‘फॉर पेरुझल प्लीज’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे ‘अवलोकनार्थ सादर’. पेरुझ म्हणजे बारकाईने वाचणे, असे जुना कोश सांगतो. साहेब मात्र सहीची जागा तेवढी शोधतात आणि शेजारी ‘सीन’ असे लिहितात, म्हणजे दिसले. या बाबतीत साहेब भाषेशी अत्यंत प्रामाणिक असतात. ‘वुई विल लुक इनटू द मॅटर’ असे उत्तर आले, तर प्रकरण संपले असे धरून चालावे.

उरले ‘वॉच’. जे हलते, बदलते किंवा हातचे जाऊ शकते त्याच्यावर नजर ठेवणे म्हणजे वॉच. चित्राकडे आपण लुक करतो आणि क्रिकेटचा सामना वॉच करतो, तो यामुळे. सरोजिनीत वॉच करण्याजोग्या गोष्टी दोनच. एक तुमची पर्स. ती पुढे घ्यावी आणि चेनवर हात ठेवावा. दुसरी गल्लीचे तोंड. हा भाग नवी दिल्ली नगरपालिकेच्या हद्दीत येतो, आणि तिची अतिक्रमणविरोधी गाडी वळली की फेरीवाल्यांच्या रांगेत एक शीळ घुमते. चादरीची चार टोके एका हातात येतात, पन्नास-साठ टॉप क्षणात गाठोडे होतात आणि ते खांद्यावर टाकून माणूस गर्दीत दिसेनासा होतो. त्यात तुम्ही पैसे देऊन ठेवलेला, पण अजून हातात न आलेला टॉपही जाऊ शकतो. म्हणून आधी माल, मग पैसे. हा व्याकरणाचा नियम नाही, पण अपवाद यालाही नाहीत.

शेवटी निघण्याचे तंत्र. घासाघीस अडली की मराठीत आपण ‘बघू’ म्हणतो, म्हणजे नको. पुण्यात एवढ्यावर विषय मिटतो. इथे ‘देखते हैं’ म्हणून पाठ फिरवावी आणि मागे वळू नये, ‘ग्लान्स’सुद्धा नको. आठ-दहा पावलांत ‘अच्छा सुनो, लास्ट बताओ’ अशी हाक आली तर तुमच्या आकड्यावर ठाम राहावे. नाही आली, तर तुमचा आकडा फारच खाली होता. पुढच्या दुकानात तोच टॉप टांगलेला असतो, तिथे थोडा वाढवून सांगावा.

सोमवारी बाजार बंद असतो.