प्रिंटरमधील सुंदोपसुंदी : एक अल्प चिकित्सा

प्रिंटर बिघडणे आणि प्रिंटर जळणे यांत शास्त्रकारांनी भेद करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही, म्हणून हा खटाटोप. बिघडलेला प्रिंटर कुरकुरतो, कागद गिळतो, निळ्याच्या जागी गुलाबी छापतो आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला दिवे मिचकावतो. जळालेला प्रिंटर यातले काहीच करत नाही.

जळण्याचा एक मार्ग बाहेरून येतो. वळवाच्या पावसात डीपीवरचा न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टची सवय असलेल्या घरात 400 च्या आसपासचा दाब घुसू शकतो. अशा वेळी पॉवर सप्लायमध्ये व्हॅरिस्टर नावाची चकती असली, तर ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि पुढच्या मंडळींना वाचवते. हा मृत्यू उदात्त आणि स्वस्त, म्हणून चिकित्सकाच्या दृष्टीने नीरस. (उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा एक संप्रदाय आपल्याकडे अद्याप प्रबळ आहे. त्याच्याशी वाद घालू नये. प्लग काढल्यावरही सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरात सव्वातीनशे व्होल्ट काही काळ दबा धरून बसतात. तिथे तर बोटही घालू नये.)

विद्वज्जनांचा खरा विषय आतला कलह. कॅननच्या प्रयोगशाळेत 1977 मध्ये तापलेले सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागले, सुईतून शाई उडाली आणि त्यातून बबल जेटची कल्पना निघाली, असे सांगतात. आजही त्या जातीच्या प्रिंट हेडमध्ये प्रत्येक नोझलपाशी एक सूक्ष्म हीटर असतो. विजेचा ठोका मिळताच तो काही मायक्रोसेकंदांत 300 अंशांच्या घरात तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो आणि थेंब कागदावर आदळतो. म्हणजे हे यंत्र धडधाकट असतानाही आतून जळतच असते. त्याला आपण छपाई म्हणतो इतकेच.

अशा हेडला दोन प्रकारची वीज लागते: आज्ञा ऐकण्यासाठी जेमतेम 3.3 व्होल्ट आणि हीटर तापवण्यासाठी साधारण 20 ते 30 व्होल्ट. दोन्ही सोनेरी ठिपक्यांच्या एकाच दाटीतून आत येतात. आता नोझल तुंबतात. घरातला उत्साही इसम हेड कोमट पाण्याखाली धरतो, पंख्याखाली दहा मिनिटे ठेवतो आणि ‘सुकलं’ असे जाहीर करून परत बसवतो. ठिपक्यांच्या मागे एक थेंब राहिलेला असतो. त्या थेंबावरून थोरली वीज धाकटीच्या वाटेत शिरते. हेडची चिप जाते, नाहीतर लॉजिक बोर्ड, बहुधा दोन्ही.

महाभारताच्या आदिपर्वात सुंद आणि उपसुंद या भावांना वर होता की मरण आले तर एकमेकांच्याच हातून. तिलोत्तमा आली आणि काम झाले. आमच्या प्रकरणात तिलोत्तमेची भूमिका पाण्याचा थेंब करतो, हे सुज्ञांनी ओळखलेच असेल. पण पुराणातले असुर मेल्यावर गप्प राहिले. शॉर्ट झालेले हेड नव्या प्रिंटरला लावले तर ते त्याचा बोर्ड घेऊन जाऊ शकते, आणि जळालेल्या बोर्डाला नवे हेड लावले तर ते हेडही जाऊ शकते. (एप्सनच्या पिझो हेडात हीटर नसतो, स्फटिक वाकून थेंब ढकलतो; तिथे गळकी शाईच पांढऱ्या पट्टीसारख्या केबलच्या सॉकेटात उतरून हे काम उरकते.)

आधी कोण मेले? प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे नाक: जळका वास आला, पण कोणाचा, हे नाक सांगत नाही. शब्दप्रमाण म्हणजे मेकॅनिक: “बोर्ड गेला, साहेब.” हे आप्तवाक्य तो प्रिंटर उघडण्यापूर्वीच उच्चारतो. अनुमानासाठी मल्टिमीटर. हेड बाहेर काढून त्याच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या ठिपक्यांवर पिना टेकवाव्यात. बीप वाजला तर हेड मेले हे सिद्ध. न वाजला तर काहीच सिद्ध होत नाही. इथवर येणारा मेकॅनिक दुर्मीळ, आणि त्याला चहा पाजावा.

बाकीचे म्हणतात, “दुसऱ्या मशिनला लावून बघू.” न्यायशास्त्राने पाच हेत्वाभास सांगितले आहेत, हा सहावा. हेड चांगले की वाईट हे कळायला चांगला बोर्ड हवा, आणि हेड वाईट निघाले तर ते कळेपर्यंत तो बोर्ड चांगला उरेलच असे नाही. मग संशय बोर्डावर जातो, तिसरे मशीन मागवले जाते. अनेक झेरॉक्सच्या दुकानांत प्रिंटर विजेने कमी आणि सत्यशोधनाने जास्त मेले असावेत, असा प्रस्तुत लेखकाचा नम्र सिद्धान्त आहे.

नव्या हेडची किंमत ऐकल्यावर बहुतेक जिज्ञासू नवा प्रिंटरच घेतात. जुन्याची रवानगी 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्चक्रीकरणाकडे व्हायला हवी. प्रत्यक्षात भंगारवाला सांगाडा वजनावर नेतो आणि हेड तेवढे मेकॅनिक ठेवून घेतो. त्याच्या ड्रॉवरमध्ये अशी बरीच आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चकचकीत केली की त्यांवर चिठ्ठी चिकटते: ‘सेकंड हँड, टेस्टेड, ओके’.