धावू नका, गेली ती!

दिघ्यात सकाळी कुणी पळताना दिसला, तर त्याची कारणं दोनच असू शकतात, असं लोकांचं ठाम मत आहे: पुढे गाडी, नाहीतर मागे कुत्रा. जिमचा पट्टा सोडून नुकताच रस्त्यावर उतरलेला नवधावक यातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही, आणि त्याची सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते.

ट्रेडमिलवर हा वाघ होता. डोक्यावर एसी, समोर टीव्ही, आकडा बारावर आणि दोन्ही हात पुढच्या दांडीवर. दांडी धरली की निम्मं काम दांडीच करते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. मग जानेवारीत ऑफिसातल्या कुणीतरी मुंबई मॅरेथॉनचं पदक दातात धरून फोटो टाकला आणि याला उपरती झाली.

उपरती झालेल्या माणसासारखा ताप नाही. कालपर्यंत ज्या यंत्राला हात लावून नमस्कार करायचा, त्याचीच आता कुळी काढतो. 'अरे, १८१८च्या सुमारास इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने कैद्यांना राबवायला पायचक्की काढली. तुमची ट्रेडमिल तिचीच नात!' हे तो जिममधल्या जुन्या दोस्तांना शिक्षा भोगून सुटल्याच्या थाटात ऐकवतो. वर्षाची फी संपली होती, एवढी बाब आत्मचरित्रातून गळते.

शास्त्रही तोंडपाठ. पट्ट्यावर समोरचा वारा कापावा लागत नाही, म्हणून एक टक्का चढ दिला की मेहनत रस्त्याइतकी होते; जोन्स आणि डाउस्ट या दोघा संशोधकांनी १९९६ साली मोजून दाखवलंय. बरोबरच आहे ते. फक्त इलठणपाड्याच्या चढाने तो निबंध वाचलेला नाही. पारसिकच्या डोंगराकडे तोंड केलं की याच्या बुटाची लेस सुटते. रोज, त्याच विजेच्या खांबापाशी. वाकण्याआधी मात्र घड्याळ थांबवायला तो विसरत नाही.

पण चढ परवडला, माणसं नकोत. जिममध्ये तासभर पळून जागच्या जागी राहिलं तरी 'कुठे निघालात?' असं कुणी विचारत नाही. इथे सगळे तेच विचारतात. १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून तर त्याच्या पळण्याचा एकच अर्थ लावला जातो. जिन्यावरून उतरणाऱ्या मावशी कळवळून सांगतात, 'दादा, धावू नका, गेली ती! मागची येतेय.' रिक्षावाला शेजारी येऊन वेग कमी करतो आणि मीटरवर हात ठेवून वाट बघतो. हा दमणार याची त्याला खात्री असते. एमआयडीसीकडे निघालेली कंपनीची बस तर थांबतेच. दार उघडून ड्रायव्हर ओरडतो, 'चला, चला, लेटमार्क लागेल!' परवा अंधारात दिसावं म्हणून त्याने चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलं, तर टेम्पोवाल्याने काच खाली करून दरडावलं, 'हे खड्डे कधी बुजवताय?'

सुरुवातीला तो प्रामाणिकपणे 'व्यायाम करतोय' म्हणायचा. त्यावर लोक त्याच्या पोटाकडे बघायचे. मग त्याने 'दूध आणायला चाललोय' हे उत्तर काढलं. सगळ्यांचं समाधान झालं. पण दिघा म्हणजे काही परदेश नव्हे. ही बातमी दोन दिवसांत घरी पोचली. बायको म्हणाली, 'जाताच आहात, तर खरंच आणा की.'

हल्ली पहिले चार किलोमीटर त्याचा वेग झकास असतो. पाचवा किलोमीटर ॲपवर एकदम ढासळलेला दिसतो आणि ऑनलाइन कोच त्याला काळजीने आहाराबद्दल विचारतो. एका हातात दुधाच्या दोन पिशव्या, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी आणि खिशात सुटे पैसे, हे कोचला कोण सांगणार?